कल्हई

अंबड एमआयडीसीत, खैरनारांच्या शेडमध्ये
एक सीएनसी आहे. हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला,
दारावर कुठल्याशा दसऱ्याचं कुंकू अजून पुसट दिसतं.
बनवणारी कंपनी दोनदा विकली गेली,
तिसऱ्यांदा बुडाली.
आत, पत्र्याच्या पेटीत, तळहाताएवढ्या बोर्डावर
जो गाभा चालतो
त्याचा आकडा ऐकून नवी पोरं हसतात :
"मॅडम, हा अजून?"

अजून.

खैरनार पहिल्याच दिवशी म्हणाले,
"नवीनच टाका ना सरळ, मोबाईलला टाकतात तसं."
म्हटलं, टाकते.
मग स्पिंडलला कुठे थांबायचं ते कळणार नाही,
आणि दोन शतांश मिलिमीटरची चूक
तुमच्या व्हॉल्व्हमधून निघून
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, शेगडीपाशी जाऊन उभी राहील.
ते गप्प बसले. चहा मागवला.

मंगळवारी मध्यरात्री दूर कुठेतरी
एक भोक सापडतं.
बुधवारी दुरुस्ती येते, अकरा ओळींची.
पण त्या ओळी नव्या घरासाठी लिहिलेल्या,
त्या घराचे जिने वेगळे.
माझ्याकडे ते फंक्शनच नाही,
जे आहे त्याचं नाव दुसरं,
आणि कुलूप उलट्या बाजूने लागतं.
अकरा ओळींच्या चाळीस होतात, कधी तीन.

नाशिकची म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं
मी द्राक्षाच्या कलमाची उपमा देणार.
नाही देत. कलमाला घड लागतात.
माझ्या कामाला काहीही लागत नाही.

माझं आडनाव तांबट.
आमच्या आळीत मी भाता पाहिला आहे,
नवसागराचा धूर, तापलेल्या पातेल्यात
कथील, आणि कापसाचा बोळा
एका झटक्यात गरकन फिरवणारा हात.
पातेलं तेच. पोचेही तेच.
कल्हई उडाली तरी तांबं बोलत नाही,
बाहेरून तसंच झळकतं.
आतलं ताक तेवढं
कळकतं.

मागच्या श्रावणात एक भोक आलं, फार गाजलेलं.
तीन रात्री मी जुन्या ओळी चाळत बसले,
पाथर्डी फाट्यावरचे दिवे विझून पुन्हा लागले,
आणि मग लक्षात आलं
की आपल्या गाभ्यात ही चूक नाहीच.
ती नंतर कुणीतरी हुशारीने घातलेली.
वहीत लिहिलं : लागू नाही.
दोन शब्द. आणि विचित्र माया वाटली
त्या म्हाताऱ्या आकड्याबद्दल,
ज्याला हुशार व्हायला वेळच मिळाला नाही.

कागदावर अजून दहा वर्षं आहेत.
तेव्हा मी एकोणसाठची.
म्हणून सायमा पिंजारीला शेजारी बसवते.
माझी प्रत्येक ओळ ती दुसऱ्यांदा वाचते,
बोट ठेवून, पोथी वाचावी तशी.
परवा म्हणाली, "मॅडम, हे कुलूप तुम्ही दोनदा उघडलंय."
उघडलं होतं.
त्या दिवशी आम्ही दोघींनी भेळभत्ता खाल्ला, माझ्या पैशाने.

सकाळी सातची पाळी.
वाघ नावाचा ऑपरेटर बटण दाबतो,
पडदा काळा, मग निळा,
चाळीस सेकंद मी श्वास मोजते.
कूलंटची धार सुटते,
पितळेची साल वेटोळं घेत खाली पडते.
वाघ म्हणतो, "काय बदललं मॅडम? काहीच फरक नाही."

नाही ना?
बरं झालं.

बिलावर कामाचा तपशील काय लिहायचा
असं सायमाने विचारलं. मी तंद्रीत होते,
म्हटलं, कल्हई.
तिने तसंच लिहून पाठवलं.
खैरनारांच्या हिशेबनिसाने परत धाडलं,
लाल पेनने गोल करून : कुठे केली?

मी खाली लिहिलं,
आतून.